खिशातला गूळ

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
४ जानेवारी २०२५

रुचिता,

हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण दुसरं पान वाचून मग फाड. पहिल्या पानावर माझी नेहमीची कटकट आहे, ती सोडून दिलीस तरी चालेल.

कटकट अशी की नोव्हेंबरात मी मोरीत पडले आणि उजवं मनगट मोडलं. अक्षर वाकडं दिसतंय ते त्यामुळे. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरच्या पट्टीने आठ वर्षं खपून सरळ केलेलं अक्षर एका प्लास्टरने वाकडं केलं. हाडांची डॉक्टर, सलोनी नावाची, तुझ्याहूनही लहान आहे. पहिल्याच भेटीत मला 'आजी' म्हणाली. मी तिला सांगितलं की मला अजून कुणी आजी केलेलं नाही, तोपर्यंत मिसेस शिवगण म्हण.

गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये तुझी मैत्रीण समिधा भेटली. हातात भाजी, कानाला फोन. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "काकू, रुचिताला तिसरा महिना लागला ना, मस्तच." मग माझा चेहरा बघितला आणि आपला चौथा मजला यायच्या आधीच दुसऱ्यावर उतरली. तिला ओरडू नकोस. शाळेत असल्यापासून तिच्या पोटात काही राहत नाही, हे तुलाही माहीत होतं.

चौतीस वर्षांची आहेस. इतक्या वर्षांनी होतंय. मी अभिनंदन लिहीत नाही, कारण तू ते मागितलेलं नाहीस.

फोन करायला गेले असते, पण माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. हे मला कळायला दोन वर्षं लागली. मी रेंजला दोष देत होते, जसं काही इंदूर म्हणजे जंगल आहे. म्हणून पोस्ट. पोस्टातला माणूस म्हणाला, मॅडम, कुरियर क्यों नहीं करते? मी म्हटलं, मला पोचपावतीवर सही हवी आहे. तेवढी तरी तुझी येईल.

आता दुसरं पान.

डॉक्टर म्हणाली हाडं पोकळ झाली आहेत, ते या वयात होतं. पण बोटं बधिर का, रक्त इतकी वर्षं कमी का, पोटात कळा का, याचा तिला मेळ लागेना. तिने विचारलं, आधी काय काम करायचात? मी म्हटलं, टायपिंग. कुठे? काशीगावच्या बाजूला बॅटरीच्या प्लेटा ओतायचा कारखाना होता, तिथल्या ऑफिसात. तिने पेन खाली ठेवलं. वेगळी रक्ततपासणी करायला लावली. माझ्या रक्तात शिसं सतरा निघालं. पाचाच्या आत असतं तर ती काही बोलली नसती.

मी म्हटलं, कारखाना बंद होऊन सतरा वर्षं झाली, आता कुठून येणार शिसं? तर ती म्हणाली ते नीट वाच. शिसं शरीरात गेलं की हाडाला वाटतं हे कॅल्शियमच आहे, आणि हाड त्याला आत घेतं. वीस-वीस, तीस-तीस वर्षं ते तिथे गप्प बसतं. मग शरीराला कॅल्शियम लागलं की हाड झिजतं, आणि आतलं शिसंही परत रक्तात सोडतं. म्हातारपणी हे होतं. आणि बाईच्या पोटात मूल असताना होतं. तेव्हा ते मुलापर्यंत जातं.

तुझ्या डॉक्टरकडे जा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी मागून घे. नेहमीच्या तपासण्यांत ती नसते, तोंड उघडून मागावी लागते. काही निघणारही नाही कदाचित. निघालंच तर कॅल्शियम आणि लोह नीट दिलं की हाड कमी झिजतं, असं सलोनी म्हणते. म्हणूनच आत्ता, आजच्या आज.

तुला कुठून आलं असेल? तिथल्याच भट्टीवरून बाबा घालून यायचे त्या कपड्यांवरून. ते मी तुझ्या युनिफॉर्मच्याच बादलीत भिजवायचे. तेव्हा कुणाला काय माहीत होतं.

आई


१४ जानेवारी २०२५

रुचिता,

पोचपावती आली. सही नीलेशची आहे. जावईबापूंचं अक्षर चांगलं आहे. पत्र त्यांनीच ठेवून घेतलं की तुला दिलं, हे मात्र पावतीवर लिहायची सोय पोस्टाने केलेली नाही.

आज संक्रांत. सकाळपासून दाराची बेल तीनदा वाजली. तिन्ही वेळा तिळगुळाची डबी पुढे आणि माणूस अर्धा लिफ्टमध्ये. गोड गोड बोला म्हणतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. तीन डब्या टेबलावर आहेत. मी उघडल्या नाहीत. गूळ मी कित्येक वर्षं खात नाही, तुझ्या लक्षात आलं असेल किंवा नसेल.

समिधाला मी विचारलं, तपासणी केली का तिने? ती आधी चपलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, ती बोलतेय की आईला आता सगळं बाबांच्या कपड्यांवर ढकलायचंय. जिवंतपणी त्यांना दारात उभं करायची, आता मेल्यावर पण तेच करतेय."

बरोबर आहे तुझं. त्यांच्या तेराव्याच्या दिवशीही तू हेच म्हणालीस. सगळ्या रत्नागिरीकर नातेवाइकांसमोर. म्हणालीस, "तुला त्यांची लाज वाटायची. तू कॉन्व्हेंटची, ते भट्टीवरचे. त्यांचा हात लागलेला तुला चालायचा नाही." आणि मी काही बोलले नाही. मी गप्प बसलेली तू आयुष्यात पहिल्यांदा बघितलीस, म्हणून तुला ते खरं वाटलं असणार.

तू दुसरीत असल्यापासून मी त्यांना जिन्यावर उभं करायचे, हे खरं आहे. कामाचा शर्ट-पँट तिथेच उतरवायची, लुंगी मी दारातून द्यायची, आधी आंघोळ, मग घर. तोपर्यंत तू त्यांना शिवायचं नाही. तू मांडीवर चढायला धावायचीस आणि मी तुझा दंड धरायचे. शेजारचे बघायचे. तुझे बाबा हसायचे आणि म्हणायचे, मेमसाहेबांचा हुकूम आहे.

आणि मग तिथूनच ते उतरवलेल्या शर्टाच्या खिशात हात घालायचे आणि गूळ काढायचे.

कारखान्यात रोज पाळी सुटताना भट्टीवरच्या प्रत्येक माणसाला गुळाचा एक खडा मिळायचा. शिशाची धूळ घशातून पोटात जाते, गुळाने ती धुऊन निघते, असं सगळे मानायचे. मालकही, कामगारही, तुझे बाबाही. बाकीचे आपापला खडा तिथेच तोंडात टाकायचे. तुझे बाबा तो खिशात घालायचे. वर्तमानपत्राच्या तुकड्यात, कधी नुसताच. तुझ्यासाठी. दारातून ते तो माझ्या तळहातावर ठेवायचे आणि मी तो तुझ्या तोंडात घालायचे. मी, माझ्या हाताने. काळे कण असले तर फुंकर मारून.

तुझ्या अंगाला त्यांचं बोट लागू दिलं नाही, आणि गूळ भरवला. कारण मला वाटायचं ते औषध आहे. कारखाना देतो म्हणजे औषधच असणार. तुला रोज मिळतंय याचा मला आनंद व्हायचा. एखाद्या दिवशी त्यांनी आणला नाही तर मी विचारायचे.

सलोनीला हे सांगितलं. ती कपाळाला हात लावेल असं वाटलं होतं, पण तिने फक्त विचारलं, किती वर्षं? मी म्हटलं, मुलगी दहावी होईपर्यंत.

तपासणी करून घे. बाबांवर मी काही ढकलत नाही. तो खडा माझ्या हातात यायचा.

आई


२ फेब्रुवारी २०२५

रुचिता,

या वेळी पावतीवर तुझी सही आहे. र अजून तसाच काढतेस, पाय लांब करून. मी ती पावती डिक्शनरीत ठेवली आहे.

सही आहे म्हणजे पत्र वाचलंस. वाचलंस म्हणजे तुला एक प्रश्न पडला असणार, कारण तू मूर्ख नाहीस, मी तुला तसं वाढवलेलं नाही. प्रश्न असा, की तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं, तर मी बाबांना जिन्यावर का उभं करायचे?

'कुणाला काय माहीत होतं' हे मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते खोटं आहे. मला माहीत होतं.

१९९९. सरकारी तपासनीस येणार म्हणून मालकांनी, जयकुमारसाहेबांनी, बाहेरच्या लॅबला बोलावून भट्टीवरच्या अकरा माणसांचं रक्त काढायला लावलं. आठवड्याने पाकीट आलं. टपाल उघडणं माझं काम होतं. एकच कागद, अकरा नावं, समोर आकडे. तुझ्या बाबांच्या नावासमोर अडुसष्ट. आणि खाली इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की या सर्वांना शिशाच्या कामावरून ताबडतोब दूर करावं आणि घरच्यांचीही तपासणी व्हावी.

त्या कारखान्यात साहेबांखेरीज इंग्रजी वाचता येणारं माणूस एकच होतं. माझी आई कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या भाजायची, म्हणून मला फुकट इंग्रजी मिळालं. त्याचा मला केवढा ताठा होता हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

साहेबांनी मला आत बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, मंदाताई, हे बाहेर गेलं तर उद्या कुलूप. अकरा घरं, आणि तुमचं तर दोन्ही बाजूंनी. मग म्हणाले, कंपनीच्या लेटरहेडवर प्रत्येकाला एक सर्टिफिकेट करून द्या, रक्त तपासलं, प्रकृती ठणठणीत आहे. लॅबचा कागद फाडून टाका.

मी अकरा सर्टिफिकेटं टाइप केली. एकातही खाडाखोड नव्हती. तुझ्या बाबांचं आठवं होतं. त्यांनी ते घरी आणून मलाच वाचायला लावलं. मी वाचलं. त्यांनी खूश होऊन त्या दिवशी दोन खडे काढले.

तुझी शाळा, तुझं हे, तुझं ते, असं मी इथे लिहू शकते. लिहीत नाही. ते ओझं तुझं नाही. मला माझी खुर्ची सोडायची नव्हती आणि हे सगळं मोडायला नको होतं. इतकंच. घरच्यांपुरतं मी सांभाळीन असं मला वाटलं. शर्ट बाहेर, आंघोळ आधी, पोरीला हात नाही. आठ-नऊ वर्षं मी हे काटेकोर केलं आणि मला वाटायचं मी हुशार आहे. गुळाचा विचारही माझ्या मनात आला नाही. कपडे वेगळे भिजवणंही मला सुचलं नाही. एकच तर बादली होती.

तू म्हणालीस मला लाज वाटायची, तेव्हा मी गप्प बसले, कारण ते खऱ्यापेक्षा बरं होतं. नवऱ्याची लाज वाटणारी बायको चालते. अशा पुष्कळ असतात.

आता एकच राहिलं. किडन्या गेल्यावर मी त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचे, तेव्हा तू नोकरीवर होतीस. शेवटच्या महिन्यात एकदा मशीन चालू असताना त्यांनी मला विचारलं, "मंदा, त्या वेळच्या कागदात काय होतं गं?"

मी म्हटलं, "काही नव्हतं."

ते म्हणाले, "मग बरंय." आणि डोळे मिटले. झोपले की काय, मला कळलं नाही.

लॅबचा कागद मी फाडला नव्हता. का ठेवला, माहीत नाही. शाळेत बक्षीस मिळालेल्या डिक्शनरीत पंचवीस वर्षं आहे. तो सोबत पाठवतेय. झेरॉक्स नाही, मूळ. तुझ्या डॉक्टरला दाखव, म्हणजे तुझी आई नाटक करतेय असं तिला तरी वाटणार नाही. बाबांच्या नावाजवळ बोट ठेवू नकोस, शाई उडतेय.

आई


२३ फेब्रुवारी २०२५

रुचिता,

तीन आठवडे झाले. पावतीसुद्धा आलेली नाही. मी रोज खाली पेट्यांपाशी जाते. वॉचमन आता मला बघितलं की लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. मी भाजीला चालले होते असं त्याला सांगते.

पोस्टात चौकशी केली. ते म्हणाले, डिलिव्हर्ड दिखा रहा है. म्हणजे तुझ्या हातात आहे.

समिधा जिन्याने जाते हल्ली.

मनगट बरं आहे. रात्री बोटांना मुंग्या येतात, तेव्हा मी माझ्याच हाडांशी भांडते. ठेवून घेतलंत तर घेतलंत, परत कशाला देता? बोलायला दुसरं कुणी नाही. सोसायटीतल्या बायकांचा ग्रुप आहे, तिथे सगळ्या जणी प्लास्टिकचे डबे फेका, नॉनस्टिकचे तवे फेका म्हणून एकमेकींना व्हिडिओ पाठवत असतात. त्यांच्याकडे फेकायला तवे तरी आहेत.

तुला पाचवा लागला असेल. उत्तर देऊ नकोस. फक्त तपासणी.

आई


२३ मार्च २०२५

रुचिता,

तुझं पाकीट आठ तारखेला आलं. वॉचमन स्वतः वर घेऊन आला. मी त्याच्यादेखत उघडलं नाही.

आत तुझा रिपोर्ट. नऊ. मी सलोनीकडे धावले, म्हटलं, नऊ म्हणजे काय, नीट सांग. ती म्हणाली, कमी नाही, पण खूपही नाही. कॅल्शियम आणि लोह चालू आहे ना, दर महिन्याला बघत राहतील, बाळाचं रक्त जन्मल्यावर बघतील. मी म्हटलं, म्हणजे ठीक आहे असं लिहून दे. ती म्हणाली, मिसेस शिवगण, असं लिहून देता येत नाही. किती सहज म्हणाली.

आणि लॅबचा कागद तू परत पाठवलास. मागे पेन्सिलने एक ओळ. सात वर्षांत तू मला लिहिलेली पहिली ओळ. 'बाकीच्या दहा घरी सांगितलंस का?'

मला ते सुचलंच नव्हतं गं. रोज पोस्टात जात होते, तुझ्या एका सहीसाठी, आणि ही दहा नावं माझ्या डिक्शनरीत पंचवीस वर्षं होती. त्यांच्याही घरी मुली होत्या. त्यांनीही कधीतरी खडा खिशात घातला असेल.

दुसऱ्या दिवशी काशीगावला गेले. कारखान्याच्या जागी आता गाड्यांची शोरूम आहे, काच एवढी की माझीच मला भीती वाटली. विठूची बायको हौसाबाई अजून त्याच घरात आहे. विठू भट्टीवर तुझ्या बाबांच्या शेजारी उभा राहायचा. दोन हजार चारमध्ये गेला, झटके येऊन. हौसाबाईने मला ओळखलं. म्हणाली, "टायपिस्टबाय ना गो तू? ये, बस." आणि बसण्याआधीच भिंतीकडे हात केला. देवांच्या तसबिरींच्या ओळीत, प्लास्टिकमध्ये मढवलेलं, विठूचं सर्टिफिकेट.

म्हणाली, "वाच ना गो. ह्ये कुनी वाचून दाखवलं न्हाय. इंग्लिसमदी हाय."

मी वाचलं. आधी जसं लिहिलंय तसं. मग पिशवीतून लॅबचा कागद काढला आणि तोही वाचला. मराठीत, एकेक शब्द. विठू, एकाहत्तर. खालची ओळ. आणि हे सर्टिफिकेट मी केलं, हे.

ती स्टुलावर चढून ते सर्टिफिकेट काढायला लागली. मी उठले तर म्हणाली, "तू हात लावू नको." काढलं, पदराने पुसलं, आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "ने ह्ये. माज्या देवांत नको." दारापर्यंत सोडायला मात्र आली. विचारलं, पोरीची पण तपासनी करायची का, ती नालासोपाऱ्याला दिलीय, दोन पोरं हायेत तिला. मी तपासणी होते तिथला पत्ता लिहून दिला, काय मागायचं ते मराठीत लिहून दिलं.

तिचं धरून कालपर्यंत चार घरं झाली. एक कुटुंब गावी गेलंय, फोन नंबर मिळवला. एका घरी शिव्या मिळाल्या, व्यवस्थित, मी मधे बोलले नाही. तू असतीस तर तुझा विश्वास बसला नसता.

आज पाचवं. नया नगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुनीर भट्टी पेटवायचा, त्याची मुलगी राहते. कडेवर पोर होतं. मी दारातच सगळं सांगितलं, हिंदीत, चुका करत. गुळाचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अब्बू मेरे लिए लाते थे. रोज़." आणि तिने पोर या कडेवरून त्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांब. म्हणाली, "आप यहीं रुकिए. अंदर मत आइए." जाळीचा दरवाजा लावून आत गेली. कुणाला तरी फोन करत होती, बहुतेक बहिणीला. आवाज ऐकू येत होता, शब्द नाही.

मी जिन्यावर उभी राहिले. पंधरा मिनिटं असेल. टेकायला काही नव्हतं. वरून-खालून माणसं गेली, प्रत्येकाने एकदा माझ्याकडे आणि एकदा बंद दाराकडे बघितलं. हातात पिशवी धरून मी कुठे बघावं ते मला कळेना.

तुझे बाबा इथे उभं राहून हसायचे, रुचिता. रोज.

अजून पाच घरं आहेत.

आई